ढग पुढे आहेत, आता काय करशील? : वैमानिकांच्या शिकवणीतून आपल्या वर्गासाठी



विषय वाचून म्हणाल, बाईंना विमानाचं काय सुचलं मध्येच! पण वाचता वाचता मला आपलाच वर्ग दिसायला लागला, म्हणून लिहिते आहे.

अमेरिकेत हौस म्हणून किंवा स्वतःच्या कामासाठी छोटं विमान चालवणारे पुष्कळ लोक आहेत. हे प्रवासी कंपनीचे पायलट नव्हेत. शेजारी सहवैमानिक नाही, सगळे निर्णय एकट्याने घ्यायचे. परवान्यासाठी तिथे किमान 40 तास उड्डाण लागतं. पूर्वी या तासांत मुख्य भर कसरतींवर असे. म्हणजे वळण घे, उंची राख, नीट उतरव. परीक्षेतही तेच. आपल्या पाढ्यांसारखंच म्हणा ना.

तरी अपघात होतच राहिले. अपघातांपैकी सुमारे 80 टक्क्यांत माणसाच्या चुकीचा वाटा असतो, असं तिथलं विमान वाहतूक खातं आपल्या पुस्तकांत सांगतं. विमान वळवता येत होतं, पण आज निघायचं की नाही, हे ठरवता आलं नाही.

एक उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. 16 जुलै 1999 रोजी जॉन केनेडी (धाकटे) पत्नी आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून निघाले. चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं होतं. सूर्य मावळला होता, हवेत धुरकटपणा होता, खाली समुद्र. केवळ उपकरणं बघून उडण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, ते शिक्षण अर्धवट झालेलं. एका प्रशिक्षकाने सोबत येतो म्हटलं होतं, त्यांनी नको म्हटलं. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ विमान समुद्रात कोसळलं, तिघेही गेले. अंधारात क्षितिज दिसेना, दिशेचं भान सुटलं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. लक्षात घ्या, त्या रात्रीचं हवामान नियमात बसत होतं! नियम पाठ असणं आणि निर्णय घेता येणं यात एवढं अंतर असतं.

2000 नंतर तिथे प्रसंगाधारित प्रशिक्षणावर जोर आला. प्रशिक्षक कसरत सांगत नाही, गोष्ट सांगतो. समजा अशी : ‘शनिवारी आईला घेऊन 200 सागरी मैलांवरच्या गावी जायचंय. संध्याकाळी तिथे कार्यक्रम आहे. विमानाचा वेग ताशी 100 मैल, इंधन 3 तासांचं. कर तयारी.’ विद्यार्थी हिशोब करतो, 2 तासांत पोहोचू, 1 तासाचं इंधन उरेल. दिवसा किमान अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक राहील अशीच आखणी करावी लागते, तेव्हा ठीक.

उडाल्यावर समोरून वारा लागतो आणि वेग 75 वर येतो. तासाभराने 75 मैल झालेत, 125 राहिलेत. म्हणजे अजून 1 तास 40 मिनिटं. इंधन 2 तासांचं. (चौथी-पाचवीला देण्यासारखं गणित आहे बरं का.) उरणार फक्त 20 मिनिटं. विद्यार्थी म्हणतो, ‘पोहोचतो की!’ प्रशिक्षक चूक म्हणत नाही. तो विचारतो, ‘पोहोचलास आणि धावपट्टी बंद असली तर? 30 मैलांवर एक विमानतळ आहे वाटेत. तिथे उतरायला मन का होत नाही तुझं?’

या ‘का’मध्येच सगळं आहे. उत्तर बहुतेकदा विमानात सापडत नाही, ते कार्यक्रमात सापडतं. आई वाट बघतेय, लोक काय म्हणतील! म्हणून निघण्याआधी चार गोष्टी तपासायला शिकवतात : वैमानिक स्वतः (झोप, आजार, औषध, मनावरचा ताण), विमान, हवामान-परिसर आणि बाहेरचा दबाव. चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

शिवाय पाच घातक वृत्ती ओळखायला लावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘मला कोण सांगणार’, ‘करून टाकू पटकन’, ‘मला काही होत नाही’, ‘बघा मी करून दाखवतो’ आणि ‘आता माझ्या हातात काय आहे’. पाचही नमुने माझ्या वर्गात बसलेत! एखाददुसरा स्टाफरूममध्येही सापडेल, मी धरून. प्रत्येकीवर मनात म्हणायचं एक उत्तर असतं. ‘मला काही होत नाही’ला ‘माझ्यावरही येऊ शकतं’, ‘पटकन’ला ‘सावकाश, आधी विचार’.

मूल्यमापन तर फारच आवडलं. उतरल्यावर आधी विद्यार्थी स्वतःचं मूल्यमापन करतो, प्रशिक्षक आपलं वेगळं करतो, मग दोन्ही समोर ठेवून जिथे फरक पडला तिथे बोलतात. निर्णय बरा निघाला तरी ‘कसा घेतलास?’ हे विचारतातच, कारण नशिबानेही बरं होतं. 2016 पासून परवान्याच्या परीक्षेतही धोका ओळखणं आणि सांभाळणं तपासतात.

कसरती मात्र सोडलेल्या नाहीत हं. हात बसल्याशिवाय डोकं मोकळं राहत नाही. पाढे नकोत, नुसते उपक्रम घ्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मी गेल्या पावसाळ्यात चौथीत करून पाहिलं. परिसर अभ्यासात ‘पुराच्या पाण्यात जाऊ नये’ हे सगळ्यांनी बरोबर लिहिलेलं, पूर्ण गुण. मग गोष्ट सांगितली, ‘शाळा सुटलीय, ओढ्याला पाणी आलंय, गुडघ्याएवढं दिसतंय. दप्तर पाठीवर, धाकटी बहीण सोबत. काय कराल?’ निम्म्या हातांनी ओढा ओलांडला! एकाने तर बहिणीला खांद्यावर घेतलं. मी रागावले नाही, ‘पाणी किती खोल हे कशावरून ठरवलं?’ एवढंच विचारलं. बराच वेळ चर्चा चालली. शेवटी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, मी थांबीन हो. पण पलीकडून बाबाच ‘ये, काही होत नाही’ म्हणाले तर?”

पालकहो, याचं उत्तर मी तिला दिलेलं नाही. पुढच्या पालक सभेत हा प्रश्न तुमच्यासमोर ठेवणार आहे.