भूक बाळाची, घाई आपली

मैत्रिणींनो, दुपारी बारा-साडेबाराला आपल्या कुठल्याही गल्लीतून एक चक्कर मारा. एखाद्या तरी ओसरीवर वाटी-चमचा घेतलेली आई आणि तिच्यापुढे पळणारं दीड-दोन वर्षांचं लेकरू दिसणारच. चिऊचा घास होतो, काऊचा होतो, बागुलबुवा येऊन जातो, मग मोबाइल येतो आणि शेवटी पाठीत धपाटा. भात तसाच वाटीत वाळतो.

अंगणवाडीतल्या पालक मेळाव्यांना मी जाते, तिथे हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. सेलू तालुक्यातल्या एका गावात एक तरुण आई म्हणाली, "ताई, हे पोट्टं तोंडच उघडत नाही. मोबाइल देल्ला तरच खाते. सासूबाई म्हणते, तुले भरवताच येत नाही." म्हणजे जेवत नाही लेकरू आणि आरोपी ठरते आई! म्हणून वाटतं, हा विषय नुसता वाटी-चमच्याचा नाही.

भूक कमी का होते?

जन्माच्या वेळी साधारण तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. काल बाळ वाटीभर खिचडी खात होतं, आज चार घासांत तोंड फिरवतं. आपल्याला वाटतं, नजर लागली. पण बहुतेक वेळा ते त्याच्या वयाचं लक्षण असतं.

त्यातच याच वयात त्याला 'मी' सापडतो. मी चालणार, मी ओढणार, मी नाही खाणार! अनोळखी चवीची भीतीही याच सुमारास वाढते. मेथीची भाजी थुंकली म्हणजे ती कायमची नावडती झाली, असं नाही. तज्ज्ञ सांगतात की एखादी नवी चव मान्य व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण मात्र दोन वेळा देऊन पाहतो आणि म्हणतो, "त्याला आवडतच नाही."

आईचं काम, बाळाचं काम

अमेरिकेतल्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून पंधरा लहानग्यांवर एक प्रयोग केला. भाज्या, फळं, धान्य, दूध, मांस, अंडी असे साधे पदार्थ मुलांसमोर ठेवायचे आणि कसलाही आग्रह करायचा नाही. एखादं मूल एका वेळी एकच पदार्थ भरपूर खाई, दुसऱ्या वेळी त्याला हातही लावत नसे. तरीही मुलं उत्तम वाढली. पण गंमत अशी, की समोर काय ठेवायचं हे मोठ्यांनीच ठरवलं होतं. तिथे ना कुरकुरे होते, ना चॉकलेट.

पुढे आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी हीच गोष्ट सोप्या शब्दांत मांडली. काय, केव्हा आणि कुठे द्यायचं, हे आईनं ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे बाळानं. आपल्या घरात नेमकं उलटं चालतं. बिस्किटाचा पुडा बाळ मागतं आणि किती घास खायचे ते आपण मोजतो! जबरदस्तीनं बाळाची स्वतःचं पोट ओळखण्याची जाण बोथट होते आणि ताट दिसलं की ते रडायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांच्या आहाराबाबत दिलेल्या सूचनांतही बाळाच्या खुणा ओळखून, संवाद साधत भरवायला सांगितलं आहे.

मोबाइलनं घास पोटात जातो हे खरं, पण बाळाला त्याचा पत्ताच नसतो. चवही कळत नाही आणि पोट भरल्याचंही. २०१९ मध्ये याच संघटनेनं सांगितलं, की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच.

घरी करून पाहा

- दिवसभरात तीन जेवणं आणि दोन वेळा थोडं खाणं, अशा वेळा ठरवा. मधल्या वेळात चहा-बिस्किट, बाटलीभर दूध, पाच रुपयांचा पुडा नको. भूकच मेली तर वरण-भात कोण खाणार? दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध मात्र चालू ठेवा.
- आधी दोन-तीन चमचेच वाढा. मागितलं की पुन्हा द्या.
- ओळखीच्या वरण-भाताशेजारी नव्या भाजीचा एक छोटा घास ठेवा. "खाच" म्हणू नका.
- आपल्या ताटाजवळ त्याचं छोटं ताट मांडा. घरातले खातात ते पाहून बाळ खातं.
- वीस-तीस मिनिटं झाली की ताट उचला. ना ओरडा, ना "चॉकलेट देते" ही लाच.
- ताट फेकलं तर शांतपणे म्हणा, "झालं वाटतं तुझं," आणि बाजूला ठेवा. आपण हसलो किंवा चिडलो, की त्याचा खेळ होतो.
- अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

आणि हो, सांडू द्या! १९३७ साली आपल्या वर्ध्यातल्या परिषदेतूनच नई तालीमचा विचार देशापुढे आला. हातानं काम करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. दीड वर्षाच्या लेकराचं पहिलं हातकाम म्हणजे स्वतःच्या हातानं घास उचलणं.

"ताई, कापूस वेचायला आठला निघावं लागते. एवढा येळ कुठून आणू?" हा प्रश्न अगदी खरा आहे. सकाळी घाई असेल तर निदान संध्याकाळचं एक जेवण तरी सोबत, निवांत होऊ द्या. आणि बाळ दिवसभर ज्या आजीजवळ राहतं, तिलाही मेळाव्याला घेऊन या. आईनं नाही म्हणायचं आणि आजोबांनी पुडा आणून द्यायचा, असं झालं तर काहीच साधत नाही. भरवणं हे एकट्या आईचं काम नाही, बाबांचा हातही ताटाला लागू द्या.

नखरे की आजार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या सेलूच्या मेळाव्यात सेविकाताईंनी त्या आईच्या लेकराचं वजन केलं. तक्त्यावर त्याची रेघ छान वर चढत होती. शेजारच्या गुटगुटीत पोराशी तुलना करून घरचे उगाच काळजी करत होते. कोपऱ्यात दुसरं एक लेकरू आईला चिकटून गप्प बसलेलं. त्याचीही आई म्हणाली, "हा नखरेच करते." दंडाला पट्टी लावली तर ती लाल पट्ट्यात! त्याला लगेच दवाखान्यात पाठवावं लागलं.

तक्रार दोघींची एकच होती, फरक दाखवला तो वजनकाट्यानं आणि पट्टीनं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३६ टक्के मुलं कमी वजनाची आढळली. म्हणून दर महिन्याला अंगणवाडीत वजन कराच. वजन वाढत नसेल, दंडघेर साडेबारा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, बाळ फिकट, मलूल दिसत असेल, गिळताना ठसकत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. साडेअकराच्या खाली दंडघेर म्हणजे तीव्र कुपोषण, तिथे एक दिवसही थांबू नये.

आणि वजनाची रेघ वर जात असेल, बाळ खेळत-बागडत असेल, तर निर्धास्त राहा. त्याच्या पोटावर थोडा विश्वास ठेवा. सासूबाईंनाही तो तक्ता दाखवा. चार घास कमी खाल्ले म्हणून लेकराला धपाटा नको आणि सुनेला बोलही नको.