शपथ मोडल्यानंतरची सकाळ

बदलता माणूस : लेखांक ६

मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडण्याची घेतलेली शपथ आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पाहिली आहे. ती घेणारा माणूस त्या घटकेला खोटं बोलत नसतो, हे आधी मान्य करायला हवं. महिनाभराने ती मोडते तेव्हा घरचे, शेजारचे आणि तो स्वतःही एकच निदान करतात : निग्रह कमी पडला. नवी सवय कशी रुजते ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१०च्या अभ्यासात ९६ जण होते. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला; मधला आकडा ६६चा. अधेमधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. पण तिथल्या सवयी जेवणाबरोबर फळ खाण्यासारख्या होत्या. फळ खायचं राहिलं म्हणून कुणी तोंड लपवत नाही. ज्या सवयीला लाज चिकटलेली असते तिथे चुकलेला एक दिवस सगळंच उधळून लावतो, आणि माझ्या मते ही उधळण घडवते ती मुख्यतः लाजच. म्हणून स्वतःला आहे तसं स्वीकारणं हे सुधारल्यावर मिळणारं बक्षीस मानण्यात चूक आहे. सुरुवात तिथूनच करावी लागते.

याला आधार आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी खाण्यावर कडक ताबा ठेवणाऱ्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खायची मुभा दिली. पोट भरलेलं असताना त्यांनी कमी खायला हवं होतं. त्यांनी जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता काय उरलं, हा तो हिशेब. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन मार्लॅट यांनी व्यसनात हीच साखळी दाखवली. पहिला घोट ही घसरण असते. त्यावर ‘मी असाच, माझ्याने व्हायचं नाही’ असा अर्थ बसला की घसरणीची पडझड होते, आणि त्या विचाराची टोचणी बुजवायला हाताशी असलेलं औषध पुन्हा तीच बाटली. २००७ साली अ‍ॅडम्स आणि लीरी यांनी उलट बाजू तपासली. डोनट खाल्लेल्या स्त्रियांपैकी काहींना सांगण्यात आलं की असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला बोल लावू नका. एरवी पथ्य पाळणाऱ्यांपैकी ज्यांना हे दोन शब्द ऐकायला मिळाले, त्यांनी पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं इतरांपेक्षा कमी खाल्ली.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ‘एए’ची सगळी रचना या गोष्टीवर उभी आहे, आणि ती या प्रयोगांच्या कितीतरी आधीची. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने पोखरलेले, दोघांच्याही शपथा अनेकदा मोडलेल्या. एकाने दुसऱ्याला उपदेश करण्याऐवजी आपली अवस्था सांगितली, यातून चळवळ सुरू झाली. आजही सभेत बोलणारा उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, मी मद्यपी आहे. वीस वर्षं थेंबही न घेतलेला माणूसही हेच वाक्य उच्चारतो. समोरचे नमस्कार करतात, कुणी दचकत नाही. बाहेर जे लपवण्यात त्याची निम्मी ताकद खर्ची पडत होती, ते इथे पहिल्या वाक्यात संपतं. निर्धारही जन्मभराचा मागत नाहीत; आजचा दिवस प्यायची नाही, एवढाच.

यावर घरच्यांचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ज्याने पगार उडवला, हात उगारला, त्याने स्वतःला स्वीकारायचं म्हणजे आम्ही सोसलेलं विसरायचं का? नाही. एएच्या बारा पायऱ्यांत आपल्या दोषांची झाडाझडती लिहून काढणं आहे, ती दुसऱ्या माणसापुढे वाचणं आहे, ज्यांना दुखावलं त्यांची यादी आहे आणि शक्य तिथे भरपाईही आहे. स्वतःचा तिटकारा करणाऱ्याला ही यादी लिहिता येत नाही. तो ती टाळतो किंवा रडून मोकळा होतो. २०१० साली वोल आणि सहकाऱ्यांना कॅनडातल्या विद्यार्थ्यांत आढळलं की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. परीक्षा आणि दारू यांत अंतर पुष्कळ आहे, तरी दिशा तीच दिसते.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. बारा पायऱ्यांत देव येतो. मग विवेकवाद्याने काय करावं? हा वाद एएच्या घरातच झाला. १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं त्याआधी नास्तिक सभासदांनी आग्रह धरला आणि देव ज्याला जसा उमगेल तसा, अशी मोकळीक मजकुरात आली. कुणाला तो विठ्ठल आहे, कुणाला समोर बसलेला गट. आपल्याकडे तुळशीच्या माळेने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. माळ घातली की दारू-मटण सुटतं, गुत्त्यावरची संध्याकाळ हरिपाठाला जाते, सोबतीही बदलतात. पण मोह अनावर झाला की माणूस माळ खुंटीला लावतो आणि मग ती पुन्हा घालायला धजत नाही. पावित्र्याची अट इतकी कडक केली की परतीची वाट बंद होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने ती वाट उघडी ठेवली. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे समुपदेशक झाली.

उरतो पुराव्याचा प्रश्न : ज्यांना सोडायचीच होती तेच सभेला जात असतील तर? २०२०च्या कॉक्रन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती, त्यांतले बहुतेक अभ्यास चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी केलेले. वर्षभराने एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते, तर वर्तनोपचारांसारख्या इतर पद्धतींत ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक तिथेही प्यायलेच. त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी काय घडतं, याला म्हणून फार महत्त्व आहे. दारू शरीरात मुरलेली असेल तर ती एकाएकी तोडणं जिवावर बेतू शकतं, डॉक्टर हवेतच. आणि नवी शपथ मागण्याऐवजी मार्लॅटच्या पद्धतीने विचारावं : किती वाजता, कुठल्या रस्त्याने, कोण बरोबर होतं, खिशात किती पैसे होते, त्याआधी कुणाशी वाजलं होतं. या प्रश्नांना उत्तरं मिळतात, आणि पगाराच्या दिवशी त्याला घ्यायला कोणी जायचं ते ठरवता येतं.