सोबत होते म्हणून

‘कायदा दारात येतो तेव्हा’ : लेखांक १४

“मॅडम, मी काहीच घेतलं नव्हतं. मी फक्त त्यांच्यासोबत होते.”

हे सांगताना त्या मुलीनं तीनदा आईकडे पाहिलं. वय सतरा, बारावी कॉमर्स. शनिवारी संध्याकाळी तिघी मैत्रिणी एका मोठ्या दुकानात गेल्या होत्या. हिनं एक कुर्ता घेतला, पैसे दिले, बिल घेतलं. दाराशी येताच यंत्र वाजलं. सुरक्षारक्षकानं तिघींनाही बाजूला घेतलं. एकीच्या सॅकमध्ये ३४९ रुपयांचं काजळ निघालं. ते तिनं उचललं होतं, हे तिनं नंतर रडत कबूलही केलं. उरलेल्या दोघींना त्याचा पत्ता नव्हता. तरी तिघींना मागच्या माल ठेवायच्या खोलीत नेलं, फोन काढून घेतले, आणि प्रत्येकीकडून एक कागद लिहून घेतला : ‘आम्ही तिघींनी मिळून चोरी केली आहे.’ शिवाय प्रत्येकी ४,००० रुपये ‘दंड’ भरा, नाहीतर पोलीस आणि कॉलेज, दोन्हीकडे कळवू.

गेल्या लेखांकात आपण पोलिसांनी चौकशीला बोलावल्यावर काय करायचं ते पाहिलं. आजचा प्रसंग त्याच्या आधीचा, पोलीस येण्यापूर्वीच्या तास-दोन तासांचा. माझ्या अनुभवात माणसाचं सर्वांत जास्त नुकसान याच वेळात होतं, कारण समोरच्याच्या अंगावर गणवेश असतो आणि आपल्या पोटात गोळा आलेला असतो.

आधी रक्षकाचं पाहू. तो पोलीस नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नं कुणाही नागरिकाला दुसऱ्याला पकडण्याचा जेवढा अधिकार दिला आहे, तेवढाच त्याला आहे. तो अधिकार फार अरुंद आहे. फरारी म्हणून जाहीर झालेल्या गुन्हेगाराचा अपवाद सोडला, तर गुन्हा पकडणाऱ्याच्या समक्ष घडलेला हवा, आणि तो दखलपात्रही हवा व अजामीनपात्रही हवा. पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांच्या आत, त्या व्यक्तीला पोलिसांच्या हवाली करायचं. ही सहा तासांची मर्यादा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत आली. तिचा अर्थ काही दुकानदार उलटा लावतात, की सहा तास बसवून ठेवायची मुभा मिळाली. तसं नाही. कागद लिहून घेण्यासाठी, पैसे वसूल करण्यासाठी किंवा धडा शिकवण्यासाठी एक मिनिटही बसवता येत नाही. पकडायचं ते पोलिसांकडे देण्यासाठीच.

‘समक्ष’ या शब्दाकडेही नीट पाहा. यंत्र वाजलं म्हणजे चोरी पाहिली असं होत नाही. काउंटरवरचा माणूस कपड्याची चकती काढायला विसरला तरी ते वाजतं, दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या वस्तूवरही वाजतं. यंत्राच्या आवाजावरून विचारपूस करता येईल, बिल दाखवा म्हणता येईल. त्या जोरावर कोंडता येणार नाही.

आता एक बारकावा सांगते, जो बऱ्याच पोलीस चौक्यांतही पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा आहे समाजसेवेची. अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘एनसी’ म्हणतात तो प्रकार. मग ३४९ रुपयांच्या काजळासाठी कलम ४० खाली पकडण्याचा अधिकार दुकानाला उरतो का? उरत नाही, असं म्हणायला भक्कम जागा आहे. दुकानाचा वकील अर्थातच कलम ३०५ पुढे करील. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतल्या चोरीला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा वाद न्यायालयात होईल. पण हजार-पाचशेच्या वस्तूसाठी मुलींना कोंडणारा माणूस आपल्या पायाखाली कायद्याची पक्की जमीन आहे असं समजत असेल, तर ती तशी नाही.

झडतीचंही तसंच. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ सांगतं की नागरिकानं कुणाला पकडलं, तर अंगझडती घ्यायची ती पोलीस अधिकाऱ्यानं, त्या व्यक्तीचा ताबा मिळाल्यावर. स्त्रीची अंगझडती स्त्रीनंच घ्यायची, आणि तीही सभ्यतेचं पूर्ण भान ठेवून. दुकानात ‘पिशव्या तपासल्या जातील’ असा फलक असतो, त्यानं तुमच्या अंगाला हात लावायचा अधिकार मिळत नाही. पिशवी स्वतःहून उघडून दाखवणं बऱ्याचदा शहाणपणाचं असतं. दाखवायची तर चार लोकांसमोर, कॅमेऱ्याखाली, काउंटरवरच दाखवा. मागच्या खोलीत जाऊ नका. “पोलिसांना इथंच बोलवा” हे वाक्य मोठ्यानं म्हणा, नाहीतर ११२ ला स्वतः फोन लावा. पोलिसांना बोलवा असं आरोप झालेल्यानं म्हणणं विचित्र वाटेल, पण खोलीतल्या दबावापेक्षा पोलिसांची नोंदवही बरी. तिथं निदान वेळ लिहिली जाते.

आता त्या मुलीच्या मूळ वाक्याकडे येऊ. ‘मी फक्त सोबत होते.’

सोबत असणं हा गुन्हा आहे का? नाही. पण सोबत्याला दोषी धरायला कायद्यात एक दार आहे : न्याय संहितेचं कलम ३(५), जुन्या दंडसंहितेचं कलम ३४. अनेकांनी मिळून, सर्वांच्या सामाईक इराद्यानं एखादं कृत्य केलं, तर प्रत्येक जण ते एकट्यानं केल्याइतकाच जबाबदार. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कलकत्त्याचं. १९२३ साली शंकारीटोला पोस्ट ऑफिसवर सशस्त्र माणसं चालून गेली आणि गोळीबारात पोस्टमास्तर ठार झाला. बरेंद्रकुमार घोष याचा बचाव होता की तो बाहेर उभा होता, त्यानं गोळी झाडलीच नाही. प्रिव्ही कौन्सिलनं तो मानला नाही. त्या बेतात जो बाहेर उभा, तोही आपलं कामच करत होता.

हा निकाल सांगून लोकांना घाबरवणारे पुष्कळ भेटतात. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९४५ मध्ये, त्याच प्रिव्ही कौन्सिलनं दिलेला महबूब शाहचा निकाल मात्र कुणी सांगत नाही. सिंधू नदीवर काही माणसं होडीतून लव्हाळे कापून परत येत होती. जमिनीच्या मालकाच्या नातलगानं त्यांना अडवलं, झटापट झाली, त्यानं मदतीला हाक मारली. वली शाह आणि महबूब शाह बंदुका घेऊन धावले. वली शाहच्या गोळीनं एक जण मेला. महबूब शाहच्या गोळीनं दुसरा किरकोळ जखमी झाला. महबूब शाहला खुनासाठी दोषी धरलं गेलं होतं, ते प्रिव्ही कौन्सिलनं रद्द केलं. दोघांच्या मनात एकाच वेळी सारखाच इरादा असणं वेगळं आणि दोघांनी आधी जुळवलेला सामाईक इरादा असणं वेगळं. असा आधीचा मेळ सिद्ध करावा लागतो. तो त्या क्षणी, जागेवरही जुळू शकतो, पण पुराव्याशिवाय गृहीत धरता येत नाही.

हातात बंदूक घेऊन शेजारी धावलेल्या माणसालाही न्यायालयानं हा फरक लागू केला. मग बिल हातात घेऊन शेजारी चालणाऱ्या मुलीला तो का नाही?

दुकानातल्या प्रसंगात याचा अर्थ सोपा आहे. तुम्ही आडोसा केलात, विक्रेत्याला बोलण्यात गुंतवलंत, वस्तू आपल्या पिशवीत ठेवू दिलीत हे जाणूनबुजून घडलं असेल, तर तुम्ही अडचणीत आहात आणि खरं तुमच्या वकिलाला सांगा. मैत्रिणीनं काय केलं हे माहीतच नव्हतं, तर तुमच्यावर गुन्हा नाही. मैत्रिणीनं वस्तू तुमच्या पिशवीत तुमच्या नकळत सरकवली, तरी नाही. कारण चोरीच्या व्याख्येत पहिली गोष्ट आहे अप्रामाणिक इरादा, आणि जे ठाऊकच नाही त्याचा इरादा असत नाही. मात्र चोरीचा माल चोरीनंतर लगेच कुणाकडे सापडला, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून वस्तू तुमच्या पिशवीत निघाली तर गप्प गोठून जाऊ नका. “ही मी ठेवलेली नाही, मला माहीत नव्हतं, कॅमेरा पाहा” एवढं एकदा स्पष्ट सांगा, आणि मग थांबा. मैत्रिणीवर ओरडू नका. तिच्या वतीनं कबुली देऊ नका, तिला वाचवायला गोष्टही रचू नका. रचलेली गोष्ट कॅमेऱ्यात उघडी पडते आणि तुमचं खरं वाक्यही तिच्यासोबत बुडतं.

आणि सही करू नका. हे मला अधोरेखित करून सांगायचं आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. दुकानाच्या मॅनेजरपुढे लिहिलेल्या कागदाला ते संरक्षण जसंच्या तसं मिळेल याची खात्री नाही. धमकीनं घेतला म्हणून तो बाद ठरवता येतो, न्यायालयं अशा पुराव्याला कमकुवतही मानतात. पण ते सारं तुम्हाला नंतर, तारखा भरत, शाबीत करावं लागतं. आणि मैत्रिणीच्या कागदात ‘आम्ही तिघी’ असेल तर? एका आरोपीची कबुली दुसऱ्याविरुद्ध स्वतंत्र पुरावा होत नाही. इतर पुरावा पुरेसा असेल तरच तिचा टेकू घेता येतो. १९५२ च्या काश्मीरा सिंग खटल्यात हे लिहिलं न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

‘दंडा’विषयी थोडक्यात : दुकानाला दंड करण्याचा अधिकार नाही. घेतलेल्या वस्तूची किंमत मागता येते. पोलिसांची भीती घालून वरचे पैसे उकळणं हा खंडणीचा, न्याय संहितेच्या कलम ३०८ चा मामला होऊ शकतो.

प्रकरण पोलीस ठाण्यात गेलंच, तरी लगेच कोठडी होत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी याची कारणं पोलिसांना नोंदवावी लागतात. नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं. अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच यावर कडक शब्दांत बजावलं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाईकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न विचारता वकील मिळतो.

अठरा वर्षांखालच्या मुलांना बाल न्याय कायदा लागू. त्यांना लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार एरवी मुलावर चोरीसाठी प्रथम खबर नोंदवायचीच नाही. अपवाद दोन : गुन्हा निर्घृण असेल तर, किंवा प्रौढासोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर. आमच्या तिघींपैकी एकीला नुकतंच अठरावं संपलं होतं. ‘आम्ही तिघींनी मिळून’ हे तीन शब्द या दोघी सतरा वर्षांच्या मुलींना कुठे नेऊन ठेवणार होते, ते लिहून घेणाऱ्याला कदाचित माहीतही नसेल.

खोटा आळ आल्यावर उलट काय करता येतं? वाट अडवली तर न्याय संहितेचं कलम १२६, कोंडलं तर १२७, फोटो भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘चोर’ म्हणून लावला तर ३५६ खाली बदनामी. दिवाणी भरपाईचा दावाही आहे, पण कोंडल्याबद्दल आणि बदनामीबद्दल मुदत एकाच वर्षाची, ती विसरू नका. निराधार अटक करवल्याबद्दल दंडाधिकारी देऊ शकतील ती भरपाई मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ नुसार जास्तीत जास्त १,००० रुपये. नवी संहिता लिहितानाही हा आकडा तसाच ठेवला, याचा मला राग आहे. केरळातल्या अट्टिंगल इथं २०२१ साली एका महिला पोलिसानं आठ वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या वडिलांवर भररस्त्यात मोबाइल चोरल्याचा आळ घेतला. मोबाइल पोलिसांच्याच गाडीत सापडला. केरळ उच्च न्यायालयानं त्या मुलीला दीड लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तिथं आरोप करणारी सरकारी नोकर होती म्हणून घटनेतल्या जगण्याच्या हक्काचा आधार मिळाला. खासगी दुकानाविरुद्ध वाट लांबची आहे.

म्हणून पुरावा पहिल्याच दिवशी धरून ठेवायचा. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं येतं. आम्ही सोमवारीच दुकानाला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं : शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊचं चित्रण जपून ठेवा आणि घेतलेले कागद परत करा. गुरुवारी कागद परत आले. एकीची आई म्हणाली, “फाडून टाका ते, मॅडम.” मी फाडू दिले नाहीत. मॅनेजरनं शिस्तीत प्रत्येक कागदाखाली तारीख आणि वेळ घातली होती, रात्री साडेआठ. त्या मुलीकडे कुर्त्याचं बिल आहे. त्यावर छापलेली वेळ सहा वाजून दहा मिनिटं आहे. दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवले आहेत.