मोठा आकडा, मोठे नाव: मसल कारच्या मागच्या एक्सलविषयीचे गैरसमज

१९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४, त्यातही 'एलएस६' इंजिनाची, ही अमेरिकेतल्या मसल कारच्या जमान्यातली एक दांडगी गाडी. कंपनीच्या कागदोपत्री ताकद ४५० अश्वशक्ती आणि टॉर्क ५०० फूट-पौंड. एवढ्या गाडीला कारखान्यातून मागचा गिअर मिळायचा तो ३.३१ चा. ४.१० हवा असेल तर तो वेगळा मागवावा लागे. आज जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांमध्ये मात्र ४.१० च्या खाली बोलायला कोणी तयार नसते, आणि एक्सल बदलायचा म्हटला की फोर्डच्या 'नाइन-इंच'शिवाय दुसरे नाव निघत नाही. या दोन समजुतींपायी भरपूर पैसा खर्च होतो आणि हौसेने बांधलेली गाडी लांबच्या रस्त्यावर नकोशी होते. थोडे गणित आधी मांडले तर हे सहज टळते.

ट्रकच्या किंवा जुन्या जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये जो गोल फुगवटा दिसतो, त्यात क्राउन व्हील आणि पिनियन असतात. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर गुणोत्तर ४.१०, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक. दात ३७ आणि १२ असतील तर ३.०८. आकडा वाढला की गाडीची ताकद वाढते, हा पहिला गैरसमज. अश्वशक्ती होती तेवढीच राहते. चाकापाशी पोचणारा टॉर्क वाढतो, पण त्याच वेगाला इंजिनाला जास्त फिरावे लागते.

किती जास्त, ते कागदावर काढता येते. ताशी मैलांना गुणोत्तराने आणि ३३६ ने गुणायचे, मग टायरच्या इंचांतल्या व्यासाने भागायचे. २६ इंची टायर आणि ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर, असा वेग धरला तर ३.०८ च्या गिअरला टॉप गिअरमध्ये इंजिन २६०० च्या आसपास फिरते. ४.१० ला तोच आकडा ३४५० च्या घरात जातो. पाव मैलाच्या शर्यतीत याचे काही वाटत नाही, कारण तिथे सगळा खेळ काही सेकंदांचा. तीन तासांच्या हायवेवर मात्र आवाज, उष्णता आणि पेट्रोल या तिन्ही बाजूंनी तो अंगावर येतो.

मग सुटताना जोर हवा असेल तर काय करायचे? इथे गिअरबॉक्सचा विचार केल्याशिवाय उत्तर मिळत नाही, आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो. जनरल मोटर्सच्या जुन्या तीन गिअरच्या 'टर्बो ३५०' ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.५२ चा. मागे ४.१० लावला की दोन्हींचा गुणाकार १०.३३ होतो. आता १९८२ साली आलेला '७००-आर४' घ्या. त्याचा पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७० चा ओव्हरड्राइव्ह. त्याच्यामागे फक्त ३.४२ लावला तरी गुणाकार १०.४७ येतो, म्हणजे सुटतानाचा जोर ४.१० वाल्यापेक्षा किंचित जास्तच. आणि ६५ मैलांवर इंजिन फिरते जेमतेम दोन हजारांवर. एकट्या एक्सलकडे पाहून निर्णय घेणाऱ्याला हा पर्याय दिसतच नाही.

टायरचेही तसेच. २६ इंचांऐवजी २८ इंची टायर घातले तर ४.१० चा गिअर ३.८१ सारखा वागतो. चाके मोठी घालायची असतील तर ती आधी ठरवावीत आणि गुणोत्तर नंतर.

या सगळ्याआधी आपल्या गाडीत आज काय बसले आहे ते कळायला हवे. एक्सलवरचा कोड वाचला की झाले, असे मानणारे पुष्कळ. तो कोड गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचे सांगतो. पुढच्या पन्नास वर्षांत आतले दात किती वेळा बदलले ते सांगत नाही. खात्रीची पद्धत सोपी आहे. पुढच्या चाकांना ओट लावायचे, गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा आणि मागचे एकच चाक स्टँडवर उचलायचे. प्रोपेलर शाफ्टवर खडूने एक रेघ मारायची. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत उचललेले चाक बरोबर दोनदा फिरवायचे आणि रेघेचे फेरे मोजायचे. पावणेचारच्या किंचित अलीकडे थांबली तर ३.७३, तीन फेऱ्यांच्या जरा पुढे गेली तर ३.०८. एका चाकाची घसरण आवरणारे 'लिमिटेड-स्लिप' डिफरन्शियल असेल तर दोन्ही चाके उचलून एकच फेरा पुरतो.

आता 'नाइन-इंच'कडे वळू. १९५७ पासून १९८६ पर्यंत फोर्डने हा एक्सल वापरला आणि त्याची ख्याती खरी आहे. पिनियनला तिसऱ्या बेअरिंगचा आधार मिळतो, आणि क्राउन-पिनियनचा सगळा संच समोरून बाहेर काढता येतो, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी गुणोत्तर बदलणेही जमते. पण त्याचा पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून बराच खाली बसतो. दात एकमेकांवर जास्त घासतात, जास्त तापतात आणि थोडी ताकद तिथेच खर्ची पडते. शिवाय प्रत्येक 'नाइन-इंच' सारखा नसतो. साध्या सेडानमधून काढलेल्या एक्सलला बहुधा २८ स्प्लाइनचे शाफ्ट असतात. तगड्या गाड्यांना ३१ चे. भंगारातून नावावर भुलून उचललेला एक्सल काढून टाकलेल्यापेक्षा फारसा सरस नसण्याचीही शक्यता असते.

याच्या उलट जीएमचा 'टेन-बोल्ट' उगाच बदनाम झाला आहे. टेन-बोल्ट म्हणून ओळखले जाणारे एक्सल एकाहून अधिक आहेत. ८.२ इंची क्राउनचा जुना एक्सल खरोखर नाजूक, ८.५ इंची मात्र मजबुतीत प्रसिद्ध 'ट्वेल्व्ह-बोल्ट'च्या बराच जवळ जातो. टर्बो इंजिनाच्या ब्यूइक ग्रँड नॅशनलमध्ये कंपनीने हाच ८.५ इंची वापरला. ज्याच्या गाडीखाली तो आधीच आहे, त्याने चांगले शाफ्ट आणि चांगले डिफरन्शियल घालून तोच ठेवावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

एक्सल मोडतो तो अश्वशक्तीमुळे, हे म्हणणेही अर्धेच खरे. क्रायस्लरच्या ४२६ हेमी गाड्या यासाठी पाहण्यासारख्या आहेत. चार गिअरचा मॅन्युअल घेतला तर मागे ९.७५ इंची क्राउनचा 'डाना ६०' येई. ऑटोमॅटिक घेतला तर साधारणपणे ८.७५ इंची एक्सलवर भागे. इंजिन तेच. फरक क्लच सोडताना बसणाऱ्या झटक्याचा. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर तो झटका गिळतो. म्हणून चिकट शर्यती टायर आणि क्लच असे दोन्ही असतील तेव्हाच भारी एक्सलचा खर्च सार्थकी लागतो.

लिमिटेड-स्लिपबद्दलचे गैरसमज अधिक घट्ट रुजलेत. १९९२ च्या 'माय कझिन व्हिनी' या चित्रपटातल्या कोर्टाच्या प्रसंगाने पॉझिट्रॅक्शन हे नाव घरोघरी पोचवले. तो लिमिटेड-स्लिपचा जीएमचा प्रकार. क्रायस्लरचा शुअर-ग्रिप, फोर्डचा ट्रॅक्शन-लॉक. साधे डिफरन्शियल सगळी ताकद एकाच चाकाला देते, असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते. एक चाक निसटले की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा टॉर्क मिळतो. लिमिटेड-स्लिप ही मर्यादा सैल करते. पण त्यामुळे पावसात गाडी आपोआप सुरक्षित होत नाही. ओल्या रस्त्यावर पाय जास्त पडला तर दोन्ही मागची चाके एकदम निसटतात आणि गाडीची शेपूट बाजूला जाते. साध्या डिफरन्शियलमध्ये निदान एक चाक रस्ता धरून असते. दोन्ही शाफ्ट कायमचे जोडणारा 'स्पूल' तर रस्त्यावरच्या गाडीत घालूच नये. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, आणि ते कापू न देणारा एक्सल टायर घासतो आणि शाफ्टवर ताण देत राहतो.

'नवे दात थोडे दिवस ओरडतात, मग बसतात' हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येते. ते मान्य करू नये. जुळणी चुकल्याचा आवाज किलोमीटर वाढल्याने जात नाही. ती जुळणी कशी होते ते एकदा जवळून पाहावे. क्राउनच्या दातांवर पिवळी पेस्ट ब्रशने लावतात, क्राउनला थोडा अटकाव देऊन पिनियन हाताने फिरवतात आणि पेस्टमध्ये उमटलेला ठसा बघतात. ठसा दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत. टोकाशी गेला तर बाहेर. मग कागदाइतक्या पातळ शिम काढायच्या किंवा घालायच्या, सगळे पुन्हा जोडायचे आणि पुन्हा ठसा घ्यायचा. दातांमधली मोकळीक साधारण ०.००६ ते ०.०१० इंच ठेवतात, तीही डायल गेजवर मोजून. चांगला कारागीर हे चार-पाच वेळा करतो आणि त्याचे पैसे घेतो, ते द्यावेत. नंतर पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालवून एक्सल पूर्ण थंड होऊ द्यायचा, असे काही वेळा करायचे आणि पहिले ५०० मैल जोर टाळायचा. क्लचच्या लिमिटेड-स्लिपला तेलात वेगळे ॲडिटिव्ह लागते. ते विसरले तर वळताना मागून कडकड ऐकू येते.

एक्सल दुसऱ्या गाडीचा असेल तर रुंदी, चाकांच्या बोल्टांची मांडणी, ब्रेक आणि स्प्रिंगांच्या बैठका मोजल्याशिवाय विकत घेऊ नये. पहिल्या पिढीच्या कॅमेरोला मागे कमानपाटे आहेत, त्याच काळातल्या शेव्हेलला कॉइल स्प्रिंग; आतले दात सारखे असले तरी बाहेरून एक दुसऱ्याला बसत नाही. ट्वेल्व्ह-बोल्टमध्ये ३.७३ वरून ४.१० वर जायचे तर डिफरन्शियलचा कॅरियरही बदलावा लागतो, नाहीतर जाड क्राउन शोधावा लागतो.

आणि स्पीडोमीटर. या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या शेपटाकडून फिरतो, त्यामुळे मागचे दात बदलल्याचे त्याला कळत नाही. ३.०८ काढून ३.७३ घातला की काटा एकवीस टक्के जास्त दाखवतो: खरा वेग ५० मैल, काट्यावर ६०. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातला छोटा प्लास्टिकचा गिअर योग्य दातांचा घातला की हे सुटते. एक्सलच्या कामापुढे तो खर्च अगदी किरकोळ आहे. न बदलता गाडी वापरली तर मैलांची नोंदही त्याच प्रमाणात फुगते, आणि जुन्या गाडीच्या किमतीत मैलांच्या नोंदीला मोठे वजन असते.