शोधयंत्र-अनुकूलनाची प्राथमिक तत्त्वे : महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या विशेष संदर्भात

गोषवारा :
महाविद्यालये व प्राध्यापक आपले लेखन संकेतस्थळावर ठेवतात. परंतु ठेवलेले लेखन शोधणाऱ्यास सापडतेच असे नाही. सदर लेखात शोधयंत्राची कार्यपद्धती थोडक्यात सांगून मराठी मजकुराची लिपिसंकेतन पद्धती, स्थलनामांतील बदल, पानाची रचना आणि दुवे या चार अंगांनी शोधयंत्र-अनुकूलनाची प्राथमिक तत्त्वे स्पष्ट केली आहेत. मजकूर यंत्रास वाचता येणे आणि वाचक ज्या शब्दांनी शोध घेतो ते शब्द त्या मजकुरात असणे, या दोन अटींवर उर्वरित सर्व उपाय अवलंबून आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शोधयंत्र, संकेतस्थळ, युनिकोड, सूचीकरण, दुवा, स्थलनाम.

१. प्रस्तावना :
महाविद्यालयाचे संकेतस्थळ असणे ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. नॅक मूल्यांकनाच्या निमित्ताने स्वयं-अध्ययन अहवाल संकेतस्थळावर ठेवला जातो. प्रवेशाच्या सूचना, वेळापत्रके व नियतकालिकांचे अंकही तेथेच असतात. तथापि 'संकेतस्थळावर आहे' आणि 'शोधल्यास सापडते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या अभ्यासकाळात 'हिमरू' या शब्दाने मराठी लेखांचा शोध घेतला असता बहुतांशी दुकानांची व पर्यटनाची माहितीच समोर आली. याच विषयावरील एक साक्षेपी लेख एका महाविद्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता आणि तो अंक संकेतस्थळावरही होता. परंतु तो हाती आला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितल्यानंतर. ज्या विद्यार्थ्याजवळ असा सहकारी नाही, त्याच्या दृष्टीने तो लेख लिहिलाच गेला नव्हता. हा लेख का सापडला नाही, या प्रश्नाच्या अनुषंगाने पुढील विवेचन केले आहे.

२. शोधयंत्राची कार्यपद्धती :
शोधयंत्राचे काम स्थूलमानाने तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याची आज्ञावली एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात पाने गोळा करते. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांवरील शब्दांची सूची तयार होते. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखेच तिचे स्वरूप असते. मात्र ती अतिप्रचंड असते. तिसऱ्या टप्प्यात वाचकाने टंकलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने मांडली जातात.

हा क्रम कसा ठरवावा यासंबंधी स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली कल्पना महत्त्वाची ठरली. ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पाने दुवा देतात, ते पान अधिक महत्त्वाचे मानावे, अशी ती कल्पना होय. संशोधनातील उद्धरणांच्या पद्धतीशी तिचे साम्य प्राध्यापकांच्या सहज लक्षात येईल. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगल कंपनीच्या यशाचा हा पाया होता. आज क्रमनिश्चितीत इतर अनेक घटकांचा विचार होतो. तरीही सूचीत ज्या पानाची नोंदच नाही त्याला कोणताही क्रम मिळू शकत नाही, हे सूत्र कायम आहे.

३. मजकूर यंत्रास वाचता येणे :
मराठी संकेतस्थळांची सर्वांत मोठी अडचण येथेच आहे. संगणकावर देवनागरी आणण्याचे पायाभूत कार्य भारतात झाले. इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण संकेतन १९९१ मध्ये मान्य झाले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. तरीही छपाईच्या सोयीसाठी महाविद्यालयांतून दीर्घकाळ वेगवेगळे जुने टंक वापरले गेले. अशा टंकांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसते, परंतु संगणकात साठवलेले असते ते रोमन अक्षर. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात 'मराठी' हा शब्द लिहिला असता प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांची नोंद होते. मनुष्यास 'मराठी' दिसते, तर यंत्रास अर्थहीन अक्षरसमूह. सूचीत साहजिकच तोच जातो.

छापील पृष्ठांचे छायाचित्र घेऊन केलेल्या पीडीएफ संचिकांची स्थिती थोडी निराळी आहे. चित्रातील अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न शोधयंत्रे करतात. तथापि देवनागरीतील जोडाक्षरे, फिकट छपाई व तिरके पान यांमुळे त्यावर विसंबणे इष्ट नव्हे. सूचनाफलकाचे छायाचित्र संकेतस्थळावर लावण्याची प्रथाही म्हणूनच टाळावी.

उपरोक्त हिमरूविषयक लेख जुन्या टंकातील होता. त्याच्या मजकुरात 'हिमरू' हा शब्द यंत्राच्या दृष्टीने एकदाही आलेला नव्हता. यावर उपाय म्हणजे नवे लेखन युनिकोडमध्येच करणे आणि जुने लेखन टंक-परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून मुद्रितशोधन करणे. सर्व जुने अंक रूपांतरित करणे शक्य नसल्यास निदान प्रत्येक लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव व गोषवारा युनिकोडमध्ये टंकून ठेवावा.

४. वाचकाचे शब्द आणि स्थलनामांचा प्रश्न :
वाचक शोधपेटीत कोणते शब्द टंकतो याचा विचार म्हणजे बीजशब्दांचा विचार होय. आपल्या शहराच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. शहराच्या नामांतरास केंद्र शासनाची मान्यता फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. जिल्हा व विभाग यांच्या नामांतराची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. मात्र २०२४ ची लोकसभा निवडणूक औरंगाबाद याच नावाच्या मतदारसंघात झाली. जुने ग्रंथ, शासकीय अहवाल व शोधप्रबंध यांत पूर्वीचेच नाव आहे. परगावचा वा परदेशातील अभ्यासक त्याच नावाने शोध घेण्याची शक्यता अधिक. शिवाय बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि 'संभाजीनगर' हे नाव अन्य शहरांतील वसाहतींनाही आहे. म्हणून संकेतस्थळाच्या मुख्य पानावर व संपर्कपानावर 'छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), महाराष्ट्र' असा पूर्ण उल्लेख करावा. जुन्या लेखांची मुद्रित शीर्षके मात्र बदलू नयेत. नव्या नावाची नोंद लेखाच्या वर्णनात करावी.

विद्यापीठाच्या बाबतीतही असेच आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. विद्यार्थी 'बामू' या संक्षिप्त नावानेही शोध घेतात. वेरूळ, वेरुळ व एलोरा; अजिंठा व अजंता हे भेदही ध्यानात घ्यावे लागतात. लेखात प्रमाण रूपच वापरावे, परंतु अन्य प्रचलित रूप एखाद्या वाक्यात ओघाने यावे.

मराठीच्या व्याकरणाचाही येथे संबंध येतो. विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. 'अजिंठ्याच्या', 'अजिंठ्यातील' ही रूपे 'अजिंठा' या मूळ रूपाशी प्रत्येक यंत्र जोडीलच असे गृहीत धरता येत नाही. यास्तव शीर्षकात वा पहिल्या परिच्छेदात मूळ रूप एकदा तरी असावे.

५. पानाची रचना :
प्रत्येक पानास स्वतंत्र व अर्थपूर्ण शीर्षक असावे. सर्व पानांना 'मुख्यपृष्ठ' हेच शीर्षक दिल्यास यंत्रास व वाचकासही भेद कळत नाही. शीर्षकाखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णन क्रम वाढवीत नाही, परंतु वाचकाने पान उघडावे की नाही हे त्यावर ठरू शकते. चित्रांना शब्दांत पर्यायी वर्णन द्यावे. पान भ्रमणध्वनीवर नीट दिसावे, कारण गूगल आता सूचीकरणासाठी प्रामुख्याने पानाचे भ्रमणध्वनीवरील रूपच विचारात घेते.

संपूर्ण अंक एकाच संचिकेत ठेवणे ही नियतकालिकांची नेहमीची चूक आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या गूगल स्कॉलरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक लेख स्वतंत्र संचिकेत असावा, त्यातील मजकूर शोधता येण्याजोगा असावा आणि संचिका पाच मेगाबाइटपेक्षा मोठी नसावी.

६. दुवे, पत्ते आणि विश्वासार्हता :
ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, ते यंत्रास सापडणे कठीण असते. म्हणून विभागाच्या पानावरून प्राध्यापकाच्या पानाकडे व तेथून लेखाकडे दुवा असावा. सोबत पानांची यादी देणारा साइटमॅप ठेवावा. संकेतस्थळाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन करावे. अन्यथा इतरांनी दिलेले दुवे व उद्धरणे निरुपयोगी ठरतात. गूगल सर्च कन्सोल या विनामूल्य साधनातून कोणती पाने सूचीत आहेत आणि कोणत्या शब्दांवरून वाचक आले, हे पाहता येते.

७. टाळावयाच्या गोष्टी :
एकच शब्द अकारण अनेकदा योजणे, पार्श्वभूमीच्या रंगात शब्द दडवणे, दुवे विकत घेणे हे प्रकार शोधयंत्रांच्या नियमांविरुद्ध आहेत. पानाच्या आज्ञावलीत बीजशब्दांची लांबलचक यादी देणेही व्यर्थ आहे. आपण क्रमनिश्चितीसाठी ती विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या व्यावसायिकांपासून सावध राहावे. अशी हमी कोणासही देता येत नाही.

८. समारोप :
शोधयंत्र-अनुकूलन हा केवळ व्यापाराचा विषय नाही. ग्रंथालयात तालिका-पत्राविना ठेवलेले पुस्तक जसे हरवल्यासारखेच असते, तसे यंत्रास न वाचता येणारे मराठी लेखन असते. २०२४ पासून गूगल भारतातही शोधाच्या उत्तरात कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले सारांश दाखवू लागले आहे. जे लेखन वाचनीय नाही त्याचे प्रतिबिंब या सारांशांतही पडणार नाही आणि मराठवाड्याविषयीचे उत्तर इतरांच्या लेखनावरून तयार होईल. याकरिता प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या एका जुन्या लेखाचे शीर्षक आजच शोधपेटीत टंकून पाहावे. तो न सापडल्यास त्याचा गोषवारा युनिकोडमध्ये टंकून विभागाच्या पानावर ठेवावा. एका दुपारी होण्याजोगे हे काम आहे.