वाऱ्याच्या खालच्या अंगाला काय आहे? काइटसर्फिंगबद्दलचे सात गैरसमज

संक्रांतीला गच्चीवरून चार पतंग काटलेला माणूस गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा काइटसर्फिंग बघतो, तेव्हा त्याला हमखास वाटतं, की यातलं अर्धं तर आपल्याला येतंच. पतंग आहे, दोरी आहे, वारा आहे. फक्त पायाखाली एक फळी आली. पण हा पतंग १२ चौरस मीटरचा, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढा असतो. त्याच्या दोऱ्या २० ते २४ मीटर लांब असतात आणि तो धडधाकट माणसाला पाण्यातून अलगद उचलतो. गच्चीवर आपण जागेवर असतो आणि पतंग फिरतो. इथे पतंग जाईल तिकडे आपली वरात निघते. पुढचे गैरसमज बहुतेक याच फरकातून आले आहेत.

गैरसमज १: वारा जोरात असला की झालं, दिशा कुठलीही चालते.

वस्तुस्थिती: आधी दिशा बघायची, मग जोर. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्याचा उपयोग इथे होतो. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत झाडांचा आणि घरांचा आडोसा असल्यामुळे पाणी शांत दिसतं आणि नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. दोनशे-तीनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो, वारा वाढतो आणि काही बिघडलं तर माणूस खोल समुद्राकडे वाहत जातो. सोबत बचावाची बोट नसेल तर अशा वाऱ्यात शिकाऊ माणसाने उतरूच नये.

समुद्राकडून सरळ किनाऱ्यावर येणारा वाराही सोयीचा नाही. तो आत जाऊच देत नाही आणि चूक झाली की सुरूच्या बनाकडे किंवा शॅकच्या खांबांकडे ओढत नेतो. शिकायला उत्तम तो किनाऱ्याला तिरका येणारा खारा वारा. मोरजीला मोसमात दुपारनंतर तो वायव्येकडून सुटतो. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की तो उजव्या गालावर लागतो. अशा वाऱ्यात फळी सुटली, पतंग पडला, तरी माणूस हळूहळू किनाऱ्यालाच लागतो.

गैरसमज २: थोडा जास्त वारा असला तर थोडा जास्त जोर लागेल, इतकंच.

वस्तुस्थिती: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिकण्यासाठी साधारण १२ ते १८ नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटर वारा पुरतो. १२ नॉटचा वारा १८ झाला तर वेग दीडपट होतो, पण ओढ सव्वादोन पट. १० चा २० झाला तर ओढ चौपट. म्हणून सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला मंद वाऱ्यात १२ चौरस मीटरचा पतंग चालतो, आणि वारा वाढला की तोच माणूस नऊचा काढतो.

आकड्यापेक्षाही महत्त्वाचा असतो तो वाऱ्याचा एकसारखेपणा. इमारती, डोंगरकडे, माडांच्या रांगा यांच्यावरून आलेला वारा भोवरे घेऊन येतो आणि हे भोवरे अडथळ्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत जाणवतात. पावसाळ्यात कोकण-गोव्यात वारा पुष्कळ असतो, पण तो झपाट्याने येतो आणि समुद्र खवळलेला असतो. तो शिकण्याचा मोसम नव्हे.

गैरसमज ३: जागा जितकी प्रसिद्ध, तितकी शिकायला चांगली.

वस्तुस्थिती: स्पेनमधलं तारिफा हे काइटसर्फिंगचं जणू माहेरघर. पण तिथला ‘लेवांते’ हा पूर्वेचा वारा अनेकदा ३० नॉटच्या वर जातो, धक्के देतो आणि काही किनाऱ्यांवर तिरका समुद्राकडे वाहतो. मुरलेल्यांची जी मजा, ती नवख्याची फजिती.

नवख्याला हवं ते अगदी साधं: कमरेएवढं सपाट पाणी, तळाला वाळू आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला, मोकळी जागा. श्रीलंकेतल्या कल्पिटियाची खाजणं यासाठीच नावाजली आहेत. आपल्याकडे रामेश्वरमहून धनुष्कोडीकडे जाणारी जमिनीची अरुंद पट्टी आहे. तिच्या एका बाजूला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. उन्हाळ्यात नैऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा, म्हणून मोसम बदलला की शिकण्याची बाजूही बदलते.

कुठलीही जागा ठरवण्याआधी ती ओहोटीला पायी फिरून बघावी. भरतीत झाकलेले खडक, कालवांनी भरलेले दगड, जाळ्यांसाठी रोवलेले खुंट तेव्हाच दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पुळण किती उरते, हेही गावातल्या माणसाला विचारावं. दुपारी उतरायला वाळू होती आणि संध्याकाळी परतायला नाही, असं होऊ शकतं.

गैरसमज ४: भीती वाटली की दांडी घट्ट धरायची.

वस्तुस्थिती: नेमकं उलटं. पतंगाच्या दोऱ्या जिला जोडलेल्या असतात ती हातातली दांडी अंगाकडे ओढली की पतंग जास्त वारा पकडतो. पुढे सोडली की वारा सांडतो. पण बुडणारा माणूस काडीही सोडत नाही, मग दांडी कशी सोडेल? तो ती छातीशी कवटाळतो आणि पतंग त्याला आणखी खेचतो. चांगला प्रशिक्षक म्हणूनच पहिल्या दिवशी छोट्या पतंगावर, वाळूत उभं करून, एकच गोष्ट घोटून घेतो: सोड. शरीराचा भार कमरेच्या हार्नेसवर असतो, हातांचं काम फक्त वळवण्याचं. म्हणून इथे दंडाच्या ताकदीपेक्षा हलका हात उपयोगी पडतो.

सुटकेच्या पायऱ्या तीन आहेत. आधी दांडी सोडा. तेवढ्याने भागलं नाही तर हार्नेसजवळची कळ ढकला. पतंग एका दोरीवर फडफडत पडतो. तरीही ओढत असेल तर ती शेवटची दोरीही मोकळी करा. पतंग गेला तर जाऊ दे. या तिन्ही गोष्टी डोळे मिटून जमत नाहीत तोवर खोल पाण्यात जायचं नाही, आणि पोहता येत नसेल तर मुळीच नाही.

गैरसमज ५: दुसऱ्याचा पतंग उडवायला मदत करणं म्हणजे तो हवेत फेकणं.

वस्तुस्थिती: गच्चीवर आपला भिडू पतंग घेऊन वाऱ्याच्या दिशेने लांब जातो आणि तिथून वर सोडतो. समुद्रावर हीच मदत सगळ्यात धोक्याची. सरळ वाऱ्याखाली असलेला पतंग सोडला तर तो पूर्ण जोराने उसळतो आणि माणूस तोंडावर आपटत फरपटतो. इथे पतंग वाऱ्याला आडवा, बाजूला धरतात. मदतनीस फुगवलेली पुढची कड मधोमध पकडतो, दोऱ्या कुठे गुंतल्या नाहीत ना ते बघतो, आणि समोरच्याने अंगठा दाखवला की नुसता हात काढून घेतो. फेकत नाही. कोणी पाण्यातून येताना डोक्यावर थापट्या मारताना दिसला तर तो ‘माझा पतंग उतरवून घे’ असं सांगत असतो. अशा वेळी पतंग धरायचा, ताणलेली दोरी कधीच नाही. ती मांज्यासारखीच कापते.

गैरसमज ६: एवढा मोठा समुद्र, वाटेत कोण येणार?

वस्तुस्थिती: दोघांच्या मधलं अंतर पन्नास मीटर दिसत असलं तरी प्रत्येकाची दोरी २४ मीटरची, दोन पतंग एकमेकांना भिडायला तेवढं पुरे. गच्चीवर काटाकाटीत पतंग जातो, इथे दोऱ्या गुंतल्या तर दोन माणसं जायबंदी होतात. रीतिभाती या हिशेबातून आल्या आहेत.

समोरासमोर आलात तर ज्याचा उजवा हात पुढे आहे त्याची वाट; ज्याचा डावा हात पुढे आहे त्याने बाजू द्यायची. शेजारून जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाचा आपला पतंग उंच ठेवतो, खालच्या अंगाचा खाली घेतो, म्हणजे दोऱ्या एकमेकींना लागत नाहीत. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला येणाऱ्याने वाट द्यायची, कारण निघणारा उथळ पाण्यात आणि गर्दीत अडकलेला असतो, येणाऱ्याला मागे सगळा दर्या मोकळा आहे. लाटेवर स्वार असलेल्याला छेडायचं नाही. उडी मारण्याआधी खालच्या अंगाला कोणी नाही ना, हे मान वळवून बघायचं.

आणि नवख्याने गर्दीच्या वरच्या अंगाला उभं राहू नये. त्याला वाऱ्याविरुद्ध चढता येत नाही, तो खालीच सरकत जाणार आणि वाटेतल्या प्रत्येकाच्या दोरीत जाणार. त्याने सगळ्यांच्या पलीकडे, खालच्या टोकाला जाऊन सराव करावा. दर वेळी फळी काखेत मारून वाळूतून परत चालत यावं लागतं. ही पायपीट सगळ्यांनीच केलेली असते.

गैरसमज ७: किनारा सगळ्यांचा, म्हणजे आपलाही तितकाच.

वस्तुस्थिती: तिथे आपण शेवटी आलेले. पोहणारे, खेळणारी मुलं, होडी लोटणारे यांचा हक्क आधी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढणं चालू असेल तर तिची दोरी पाण्यात लांबवर गेलेली असते. ती बाहेर येईपर्यंत थांबावं. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि त्यांचा हंगाम बराचसा पतंगांच्या मोसमातच पडतो. वन विभागाने कुंपण घातलेल्या जागेजवळ पतंग पसरू नये, उतरवू नये. खेळून झालं की दोऱ्या लगेच गुंडाळाव्यात आणि पतंगावर वाळू टाकावी. वाळूत पसरलेल्या दोऱ्या कोणाला दिसत नाहीत, आणि वारा पतंगाला कधी उचलेल ते सांगता येत नाही.

सात गोष्टी लक्षात राहणार नसतील तर एकच करा. किनाऱ्यावर पोचलात की सामान खाली ठेवा आणि मूठभर कोरडी वाळू खांद्याच्या उंचीवरून सोडा. ती ज्या दिशेला उडेल तिकडे शंभर पावलं चालून या. तिथे मऊ पुळण लागली तर पतंगात हवा भरा. खडक, माड, विजेची तार किंवा आंघोळ करणारी मुलं दिसली, तर आजचा दिवस बघण्याचा. कारण कुठल्याही चुकीनंतर तुम्ही जाणार आहात ते त्याच वाळूच्या मागे.