कोयता
कोयता हे तोडकामासाठी वापरले जाणारे, एका बाजूस धार असलेले लोखंडी हत्यार आहे. ते महाराष्ट्र, गोवा आणि लगतच्या प्रदेशांत वापरले जाते. लहान आकाराच्या कोयत्यास 'कोयती' म्हणतात. गवत व भात कापण्याचा विळा पातळ आणि हलका असतो; कोयता जाड व वजनदार असून तो घाव घालण्यासाठी असतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्याच्या ग्रामीण भागात, तसेच शेजारच्या डोंगराळ तालुक्यांत, शेतकरी व आदिवासी समाजांच्या दैनंदिन कामात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

रचना
पात्याचे टोक आतील बाजूस वळलेले असते. त्यामुळे फांदी ओढून घेता येते आणि घाव निसटत नाही. पात्याचे वजन टोकाकडे अधिक असल्याने थोड्या श्रमात खोल घाव बसतो. पात्याचे शेपूट लाकडी मुठीत ठोकून बसवतात आणि मूठ फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घालतात. कोकणात कोयता कमरेला बांधलेल्या 'आकडी'त अडकवून नेतात. त्यामुळे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात.

निर्मिती
कोयते गावातील लोहार, तसेच गावोगाव फिरणारे घिसाडी घडवतात. मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा हा त्यासाठी सोयीचा कच्चा माल होय. या पोलादात सुमारे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि ते वारंवार वाकूनही न तुटण्यासाठीच बनवलेले असते. छिन्नीने तुकडा तोडून तो भात्याच्या भट्टीत लाल करतात आणि ऐरणीवर घणाने ठोकून आकार देतात.

त्यानंतर धारेची बाजू सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात. यास 'पाणी देणे' म्हणतात. यामुळे पोलाद कठीण होते, पण ठिसूळही बनते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवतात. पृष्ठभागावर येणाऱ्या पिवळसर ते निळ्या छटांवरून कारागीर उष्णतेचा अंदाज घेतो. फेकण्याच्या सुरीप्रमाणेच कोयत्यालाही कठीणपणापेक्षा चिवटपणा अधिक लागतो. बोथट झालेली धार पुन्हा लावता येते, तुटलेले पाते मात्र निरुपयोगी ठरते.

वापर
जळण फोडणे, कुंपणाच्या काट्या तोडणे, नारळ सोलणे, बांबू चिरणे, रानातून वाट काढणे अशी अनेक कामे एकाच कोयत्याने होतात. ठाणे जिल्ह्यातील भातशेतीत 'राब' भाजण्यासाठी झाडांच्या डहाळ्या, म्हणजे कवळ, कोयत्याने तोडतात. कवळ, शेण, पालापाचोळा व गवत जमिनीवर पसरून जाळतात आणि पावसाच्या आरंभी तेथे भाताचे आवण तयार करतात.

१८७८ च्या वन कायद्यानंतर वाढलेल्या निर्बंधांमुळे राबासाठी कवळ तोडण्याचा हक्क हा वादाचा विषय झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींची चौकशी १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाने केली.

ऊसतोडणीच्या व्यवहारात 'कोयता' हे मजुरीचे एककही आहे. पती-पत्नीची जोडी म्हणजे 'एक कोयता' आणि एकटा मजूर म्हणजे 'अर्धा कोयता' असे धरून मुकादम उचल देतो.

कायदेशीर स्थिती
शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'शस्त्रे' या संज्ञेतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे बाळगण्यास बंदी घालता येते. पुण्यात २०२२–२३ च्या सुमारास कोयत्याने दहशत माजवणाऱ्या टोळ्यांना वृत्तपत्रांनी 'कोयता गँग' असे नाव दिले. त्यामुळे शहरी वाचकांत या शब्दास गुन्ह्याचा अर्थ चिकटला. ग्रामीण भागात मात्र कोयता आजही प्रामुख्याने शेतीचे व रानातील कामाचे साधन आहे.